विकत घेतलेली पेटी कोणाची?

२००५ च्या जूनअखेरीस अमेरिकेतील दुकानांत चांदीच्या विटेसारखी दिसणारी एक पेटी विक्रीस आली. तिचे नाव स्लिंगबॉक्स आणि किंमत सुमारे २५० डॉलर. घरच्या केबलवर जे चित्र येते तेच चित्र, घरमालक जेथे असेल तेथे, इंटरनेटवरून त्याच्यापुढे ठेवणे एवढेच तिचे काम होते. ती निर्माण करणारे ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन हे बंधू सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचे चाहते. प्रवासात असताना आपल्या संघाचे सामने हुकतात, या खंतीतून ही कल्पना निघाली. केबलचे पैसे भरलेले आहेत, सामना घरी दिसतो आहे; मग मालक परगावी गेला एवढ्याच कारणाने तो त्याला का दिसू नये?

पेटीची रचनाही या प्रश्नाइतकीच सरळ होती. केबलच्या यंत्रातून निघणारे चित्र व ध्वनी ती आत घेई, इंटरनेटच्या वाटेने जाऊ शकेल इतके ते आकसून लहान करी आणि मालकाच्या संगणकाकडे धाडी. वाहिनी बदलण्यासाठी तिची एक तार केबलच्या यंत्रासमोर चिकटवलेली असे. दुरून बटण दाबले की ती तार घरच्या रिमोटची नक्कल करी. एका वेळी एकच दूरस्थ प्रेक्षक, अशी तिची मर्यादा होती. परदेशी राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने अशी पेटी पुण्यातील आईवडिलांच्या घरी ठेवली असती, तर वडील जी वाहिनी पाहत असतील तीच मुलाला तिकडे दिसली असती, आणि मुलाने वाहिनी बदलली तर इकडे वडिलांची बदलली असती! या गमतीतच पेटीचे मर्म आहे. तिने नवे प्रक्षेपण केले नाही, घराच्या दिवाणखान्याची दोरी फक्त लांब केली.

क्रीडासंस्थांना आणि चित्रवाणी कंपन्यांना मात्र ही लांब दोरी रुचली नाही, कारण एकच सामना गावोगावी निरनिराळ्या हक्कदारांना विकण्यावर त्यांचे उत्पन्न उभे आहे. पुढील दहा वर्षे वाद झाला तो कॉपीराइटचा, आणि न्यायालयांनी त्यात बराच विवेक दाखवला, असेच म्हटले पाहिजे. जपानमध्ये एका कंपनीने ग्राहकांनी स्वतः विकत घेतलेली सोनीची याच जातीची यंत्रे आपल्या कचेरीत मांडून चालवली. २०११ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो हक्कभंग ठरवला. अमेरिकेत एरिओ या कंपनीने प्रत्येक ग्राहकासाठी एकेक इवलासा अँटेना आपल्या जागेत बसवला. २०१४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तिच्याविरुद्ध निर्णय दिला आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले. परंतु २०१५ च्या जानेवारीत, फॉक्स आणि डिश यांच्या खटल्यात, घरातील यंत्रातून आपलेच चित्र दुरून पाहण्याच्या सोयीला अमेरिकेतील जिल्हा न्यायालयाने दोषी धरले नाही. चित्र पाठवणारा तेथे ग्राहक आहे, कंपनी नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. या तिन्ही निर्णयांमागील कायदे आणि युक्तिवाद वेगवेगळे आहेत. तथापि ते शेजारी ठेवले की एक गोष्ट नजरेस येते: परक्याच्या कचेरीतून चाललेल्या सोयीला दोष लागला, मालकाच्या घरातून चाललेल्या सोयीला लागला नाही.

म्हणजे कायद्याच्या लढाईत ही कल्पना टिकली. ती मेली ते निराळ्याच कारणाने. सर्वसाधारण घरच्या इंटरनेटचा पत्ता कायम नसतो, तो बदलत राहतो. दुरून आलेल्या मालकाला आपले घर सापडावे म्हणून मध्ये कोणी वाटाड्या लागतो, आणि ते काम स्लिंगबॉक्सच्या कंपनीचा सर्व्हर करी. २००७ मध्ये ही कंपनी एकोस्टारने सुमारे ३८ कोटी डॉलरना घेतली. २०२० च्या नोव्हेंबरात उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले आणि ९ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्व्हर थांबवण्यात आले. त्या दिवशी कोणाची पेटी बिघडली नव्हती, कोणाची केबल तुटली नव्हती, कोणा न्यायाधीशाने मनाई केली नव्हती. तरीही विकत घेतलेल्या वस्तूची निरुपयोगी वीट झाली.

कोणी म्हणेल, यात तक्रारीला जागा कोठे? तोट्यात चाललेली सेवा कोणत्याही व्यापाऱ्याने जन्मभर का चालवावी? शिवाय कंपनीने दोन वर्षांची सूचना दिली होती, आणि दरम्यान वाहिन्यांनी स्वतःची अ‍ॅप्स काढल्यामुळे पेटीची गरजही ओसरली होती. यांतील पहिली गोष्ट मान्य करावीच लागेल. सूचना दिली हेही कंपनीच्या पदरात टाकले पाहिजे. अनेकजण तेवढेही सौजन्य दाखवत नाहीत. परंतु अ‍ॅपचा दाखला लागू पडत नाही. अ‍ॅपवर काय दिसावे, कोणत्या देशात दिसावे आणि केव्हा दिसेनासे व्हावे, हे सर्व वाहिनी ठरवते. तेथे प्रेक्षकाला परवानगी असते, हक्क नसतो. पेटीने दिलेली गोष्ट नेमकी याच्या उलट होती.

आणि मागणी सेवा अखंड चालवण्याची नाहीच. मर्फी रेडिओ बनवणारे कारखाने गेले म्हणून घरातला रेडिओ मुका झाला नाही. पेठेतला कारागीर तो उघडून दुरुस्त करू शकत होता. आजच्या वस्तूची अर्धी यंत्रणा मात्र घरात आणि अर्धी दूरच्या सर्व्हरवर असते. ही दुसरी अर्धी बाजू मोडीत काढताना विक्रेत्याने तिची किल्ली ग्राहकाच्या हाती द्यावी, म्हणजे सर्व्हरवाचून थेट जोडणी करता येईल असा शेवटचा प्रोग्राम द्यावा किंवा पेटीशी बोलण्याची पद्धत जाहीर करावी. हे अशक्य नव्हते. कंपनी हात झटकत असताना हौशी तंत्रज्ञांनी स्वतःचा प्रोग्राम लिहून काही स्लिंगबॉक्स चालते ठेवलेच. जे काम चार हौशी लोक फावल्या वेळात करतात, ते मूळ उत्पादकाला जड जावे हे पटण्यासारखे नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने प्रथम हाती घेतली. सुटे भाग मिळावेत, दुरुस्तीची माहितीपुस्तिका मिळावी, हा त्या विचाराचा गाभा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु कॅमेरे, दिवे, कुलुपे आणि चित्रवाणी संचसुद्धा आता सर्व्हरच्या भरवशावर विकले जातात. तेव्हा सर्व्हर हाही एक सुटा भागच मानून, तो किमान किती वर्षे मिळेल हे खोक्यावर किमतीच्या शेजारी छापण्याची सक्ती व्हायला हवी. औषधाच्या पाकिटावर मुदत छापली जाते. हजारो रुपयांच्या यंत्रावर ती छापायला अडचण कसली?