भाराभर चिंध्यांची गोधडी

मराठी म्हणींना एक खोड आहे. त्या शहाणपण सांगतात खऱ्या, पण सांगताना टोमणा मारल्यावाचून त्यांना राहवत नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही तर टोमण्यांची पट्टराणीच. ज्याला एकही गोष्ट नीट येत नाही आणि तरीही चार गोष्टींत हात घालण्याची हौस आहे, अशा गृहस्थाच्या पाठीत ही म्हण हाणण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. या सदराच्या वाचकांना आज मी ज्या खेळाची ओळख करून देणार आहे, तो जणू अशाच गृहस्थांसाठी निघाला आहे. त्याचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहायचे, पाण्यातून निघून ओल्या अंगानेच सायकलीवर बसायचे, आणि सायकलीवरून उतरले की धावत सुटायचे. मध्ये विश्रांती नाही. कपडे बदला, पाणी प्या, दम खा. घड्याळ आपले चालूच.

या खेळाचा जन्मही हौशी माणसांच्याच हातून झाला. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात, मिशन बे नावाच्या खाडीकाठी, तिथल्या धावणाऱ्यांच्या एका मंडळाने ही तिहेरी शर्यत ठेवली. ४६ माणसे जमली. त्या दिवशी सुरुवात धावण्याने झाली होती. शर्यत संध्याकाळची, मागे राहिलेली मंडळी पाण्यात असतानाच अंधारून आले आणि मोटारींचे दिवे पाण्यावर सोडून त्यांना वाट दाखवावी लागली. आता पोहणे पहिले ठेवतात. दमलेल्या माणसाला रस्त्यावर सोडले तर तो फार तर खाली बसेल; पाण्यात बसायला जागा नसते.

त्या ४६ जणांत अमेरिकन नौदलातले एक अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी हेही होते. त्यांनी पुढे १९७८ साली हवाई बेटांवर याच खेळाचे विराट रूप उभे केले: ३.८६ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर मॅरेथॉनची ४२ किलोमीटरची दौड. तेच ‘आयर्नमन’. पहिल्या वर्षी १५ जण निघाले, १२ जण पोचले. २००० साली सिडनीला ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये शिरला. आपल्या मिलिंद सोमणांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झूरिकची आयर्नमन पुरी केली. आणि २०१९ साली गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमन भरली, तेव्हा पुण्यामुंबईची पुष्कळ मंडळी सायकली घेऊन तिकडे धावली.

असो. लोखंडी माणसांच्या गोष्टी लोखंडी माणसांपाशी. हाडामांसाच्या माणसांसाठी याच खेळाचे एक छोटे रूप आहे: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. ऑलिंपिकच्या अंतराच्या बरोबर निम्मे. गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम तलावावर अशाच एका शर्यतीत मी उतरलो. वय ४६, व्यवसाय मराठीचे अध्यापन, आणि पोहण्याचे शिक्षण वयाच्या ४३व्या वर्षी नगरपालिकेच्या तरणतलावात, सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या तुकडीत.

हा बेत घरी सांगितला तेव्हा आई गोधडीला टाके घालीत बसली होती. तिने मान वर न करता ती म्हण उच्चारली. पत्नीने मात्र म्हणीच्या वाटेला न जाता सरळ विचारले, “डॉक्टरांना विचारलंत का?”

प्रश्न वावगा नव्हता. अमेरिकेत या स्पर्धांमध्ये तीसएक वर्षांत अचानक मरण पावलेल्यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना मिळून १३५, लाखो स्पर्धकांच्या मानाने थोड्या खऱ्या, पण त्यांतल्या ९० पोहताना घडलेल्या. त्यांत सापडलेल्यांपैकी शेकडा ८५ पुरुष, आणि सरासरी वय सत्तेचाळिशीच्या आसपास. स्वतःचे वर्णन असे छापील आकड्यांत वाचताना मनाला फारसे बरे वाटत नाही. मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, चालत्या पट्ट्यावर धाप लागेपर्यंत पळवले आणि मग म्हणाले, “जा. पण तरणतलावाच्या भरवशावर जाऊ नका. उघड्या पाण्याची सवय करा.” दोन महिने दर रविवारी एका जाणत्या पोहणाऱ्याच्या सोबतीने मी ती केली.

शर्यतीच्या पहाटे तलावावर धुके होते. सायकली टांगायला आडव्या लोखंडी दांड्या लावलेल्या. प्रत्येकाच्या दंडावर काळ्या शाईने क्रमांक लिहिलेला, घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधलेली. माझ्या शेजारच्या जागेवर एक बाई सायकलीच्या चाकातली हवा तपासत होत्या. वय ६२, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, “पहिलीच वेळ?”

“हो.”

“मग एक ऐका, सर. पहिले पन्नास मीटर शर्यत आहे हे विसरा. नुसतं पोहा. आणि दम कोंडला तर उताणे व्हा. आकाश कुठे जात नाही.”

मी प्राध्यापक आहे हे त्यांनी कसे ओळखले, कोण जाणे. शिक्षकांना शिक्षकाचा वास येत असावा.

शिटी वाजली आणि शेसव्वाशे माणसे एकदम पाण्यात शिरली. तरणतलावाचे पाणी निळे असते, तळाला रेघ आखलेली असते. इथे हिरवट काळोखात स्वतःचे मनगटही दिसेना. कोणाची तरी टाच खांद्याला लागली, कोणाचा हात पाठीवर पडला. गार पाण्याने छाती आवळली, श्वास अर्ध्यावर अडकू लागला, आणि नेमका त्याच क्षणी तो छापील आकडा डोळ्यांपुढे उभा राहिला. काठ मागे ऐंशी पावलांवर होता. नियमाप्रमाणे हात वर केला की होडी येते. तिला धरून विसावताही येते, फक्त तिने आपल्याला पुढे ओढायचे नाही. होडीतला मुलगा माझ्याकडेच पाहत होता. मी उताणा झालो. वर धुके विरत होते आणि बगळ्यांची एक रांग चालली होती. वीस श्वास मोजले. विसाव्या श्वासाला छाती सैल झाली. होडीकडे पाहून मी मान हलवली, पालथा झालो आणि पहिल्या नारिंगी फुग्याच्या दिशेने हात मारू लागलो. त्या दिवशीची माझी शर्यत खरे पाहता तिथेच झाली. बाकीचे नुसते अंतर होते.

मात्र त्या अंतराचेही काही कायदेकानू असतात. सायकलीला हात लावण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा बांधलेला हवा, नाहीतर दंड. आखलेली रेघ ओलांडल्याखेरीज सायकलीवर बसायचे नाही. आणि पुढच्याच्या पाठीशी चिकटून जायचे नाही. कारण पुढचा वारा कापतो आणि मागच्याचे कष्ट वाचतात. ऑलिंपिकच्या वीरांना ही सवलत आहे. आम्हा हौशी लोकांना नाही. आमच्या वाट्याचा वारा आम्हीच कापायचा. उसाच्या फडांतून जाणाऱ्या त्या रस्त्यावर तो समोरूनच येत होता.

सायकलीवरून उतरल्यावर कळते की धावणे ही आपण बालपणीच शिकलेली विद्या नव्हे. पाऊण तास गोल फिरलेल्या पायांना एकदम जमिनीवर सोडले, की ते तुमचे राहत नाहीत. मांड्या जड, पावले आखूड, चाल एखाद्या लाकडी बाहुल्यासारखी. इंग्रजीत या सरावाला ‘ब्रिक’, म्हणजे वीटच, म्हणतात. पायांत विटा भरल्यासारखे वाटते म्हणून, असे कित्येक जण सांगतात. पहिला किलोमीटर असा जातो, मग पाय हळूहळू घरी परततात. तिसऱ्या किलोमीटरला पाण्याचे पेले घेऊन उभ्या असलेल्या एका तरुणाने डोळे विस्फारले. “सर, तुम्ही? मी तुमच्या वर्गात होतो!” तासाला तो मागच्या बाकावर झोपायचा. आज तो जागा होता आणि मी डोळे मिटू पाहत होतो. त्याने दोन पेले दिले.

निकालाचा कागद असा: पोहणे २१ मिनिटे, सायकल ४६, धावणे ३४. बेरीज १०१, पण माझी वेळ १०७ मिनिटे. मधली ६ मिनिटे कपडे, बूट आणि हेल्मेट यांच्या दोन अदलाबदलींत गेली. माझ्या वयोगटात माझ्या नेमके पुढे आलेले गृहस्थ पोहण्यात माझ्या मागे, सायकलीत मागे, धावण्यात बरोबरीचे. ते सरस ठरले ते या दोन सांध्यांवर. त्यांनी ओल्या पायांत बूट सरकवले होते; मी पाय पुसून मोजे घातले होते. पुढच्या खेपेलाही मी मोजे घालीन, कारण फोडांची मला धास्ती आहे. पण कागद काय सांगतो ते स्पष्ट आहे. चिंध्या साऱ्यांपाशी होत्या. फरक पडला तो शिवणीवर.

तेव्हापासून त्या म्हणीतला डंख मला लागेनासा झाला. चाळिशीनंतरच्या मध्यमवर्गीय माणसाचा दिवस तरी दुसरा कशाचा असतो? सकाळी बाप, दुपारी मास्तर, संध्याकाळी मुलगा, आणि रात्री गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार. यांतल्या एकाही विषयात पहिला क्रमांक यायचा नाही. कॉलेजातला संताप जिन्यातच ठेवून घरात पाऊल टाकता आले, तरी पुष्कळ झाले. जीर्ण लुगड्याच्या आणि जुन्या धोतराच्या तुकड्यांचीच गोधडी होते, आणि थंडीत ती कोऱ्या कापडाहून ऊबदार लागते.

मुख्याध्यापिकाबाई माझ्यानंतर १४ मिनिटांनी आल्या. पाण्यात त्या माझ्या कितीतरी पुढे होत्या. रस्त्याने त्यांना मागे टाकले. त्यांच्यामागे आणखी तिघेच होते, आणि ते तिघे येईपर्यंत पदके गळ्यात घातलेले कोणीही जागचे हलले नाही.

वाचकांपैकी कोणाला इच्छा झाली, तर चकल्यांचा डबा रिकामा झाल्यावर जरूर सुरुवात करावी. क्रम मात्र चुकवू नये: आधी डॉक्टर, मग तरणतलाव, आणि उघडे पाणी सगळ्यांत शेवटी, तेही सोबत घेऊन. सायकल घरात जी असेल ती चालेल.