सागर कवच (सराव)

सागर कवच हा भारताच्या किनारी राज्यांत घेतला जाणारा सागरी सुरक्षेचा सराव आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी ‘कुबेर’ या मासेमारी नौकेचा वापर करून मुंबईत शिरले. त्यानंतर अशा सरावांना महत्त्व आले. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस व सीमाशुल्क विभाग त्यांत सहभागी होतात.

स्वरूप

‘रेड टीम’ हल्लेखोरांच्या भूमिकेत खोटी स्फोटके घेऊन किनारा गाठण्याचा प्रयत्न करते. ‘ब्ल्यू टीम’ तिला रोखते. रेड टीमचे लक्ष्य व मार्ग गुप्त ठेवण्यावर सरावाचा वास्तवपणा अवलंबून असतो.

विश्लेषण

सरावाचे दिवस आधी ठाऊक असल्यास केवळ त्या दिवसांची दक्षता मोजली जाते, एरवीची नव्हे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातील शेखाडी येथे उतरविलेली स्फोटके रस्त्याने पुढे गेली, आणि त्या खटल्यात काही पोलीस व सीमाशुल्क अधिकारीही दोषी ठरले. रक्षकच फितूर झाल्याची शक्यता प्रसंगरचनेत नसेल, तर सराव यशस्वी ठरूनही ती जुनी वाट उघडीच राहते.