साचा कोणाचा, मूर्ति कोणाची ?

मनुष्यास गोष्ट ऐकण्याची जितकी हौस आहे, तितकीच गोष्टींत स्वतः शिरण्याचीहि आहे. लहान मुलें घोंगडी पांघरून किल्लेदार होतात, तीं ह्याच हौसेनें. तिला नियमांची जोड देऊन पाश्चात्य देशांत जो खेळ निर्माण झाला, त्यास रोलप्लेइंग गेम म्हणतात. आपण त्यास भूमिकाखेळ म्हणूं. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि संकटप्रसंगीं पात्राचें काय होतें, तें फांशांवरून ठरतें. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा ह्या जातीचा पहिला छापील खेळ होय. ह्या खेळांचा ग्रंथव्यवसाय कसा चालतो, व त्यापासून आमच्या पेण-रोह्याकडील विद्यार्थ्यांनीं कोणता बोध घ्यावा, ह्याविषयीं चार शब्द लिहावेत असें वाटतें.

ह्या व्यवसायांत दोन मार्ग आहेत. एक, स्वतःचें जग कल्पून त्याचा खेळ करणें. दुसरा, एखाद्या लोकप्रिय कादंबरीच्या किंवा चित्रपटाच्या धन्याकडून परवाना घेऊन त्या जगाचा खेळ छापणें. दुसऱ्या मार्गाचा मोह मोठा. नांव आधींच घरोघर पोंचलेलें असल्यामुळें गिऱ्हाईक आपण होऊन चालत येतें. मोबदला म्हणून प्रकाशक विक्रीचा ठरलेला हिस्सा धन्यास देतो. पुष्कळदां कांहीं रक्कम आगाऊहि द्यावी लागते. मजकुरास व चित्रांस धन्याची संमति लागते, आणि कराराची मुदत संपली कीं खेळ छापण्याचा हक्कहि संपतो.

टोल्किन ह्यांच्या प्रसिद्ध कथांवर आयर्न क्राउन ह्या मंडळीनें १९८४ सालीं परवान्यानें खेळ काढला. तो पंधरा वर्षें चालला. १९९९ सालीं परवाना गेला, आणि पुढल्याच वर्षीं मंडळीचें दिवाळें वाजलें. वेस्ट एंड गेम्स ह्या मंडळीनें १९८७ सालीं ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवर खेळ काढला. चित्रपटांत ज्या प्राण्यांस नांवहि नव्हतें, त्यांस ह्या मंडळीच्या लेखकांनीं नांवें दिलीं, इतिहास दिला. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी लिहितांना टिमोथी झान ह्यांस हींच पुस्तकें आधारासाठीं पुरविण्यांत आलीं होतीं. पण १९९८ सालीं मंडळी बुडाली, परवाना दुसरीकडे गेला, आणि तीं सर्व नांवें धन्याकडेच राहिलीं. कुळानें बांधबंदिस्ती करावी आणि जमीन खोताच्या नांवावर राहावी, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यांतील वडील मंडळींस कांहीं नवी नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मग परवाना घेतांच कशाला ? सरळ नक्कल करावी !’ हा विचार त्याज्य आहे. तो नीतीच्या दृष्टीनें हीन आहेच, पण व्यवहारांतहि टिकत नाहीं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आरंभींच्या पुस्तकांत टोल्किनचा ‘हॉबिट’ हा शब्द होता. हक्कदारांनीं हरकत घेतांच तो काढून ‘हाफलिंग’ असा शब्द घालावा लागला. शब्द गेला तरी खेळ वाढतच राहिला. म्हणजे त्याचें बळ उसन्या नांवांत नव्हतेंच.

खरें पाहतां ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या पेणच्या मूर्तिकारांस ठाऊक आहे. पेणेंत आणि हमरापूर, जोहे, कळवे ह्या गांवांतील कारखान्यांत मूळ मूर्ति प्रथम हातानें घडविली जाते, मग तिचा साचा घेतात, आणि साच्यांतून अनेक मूर्ति निघतात. गणपति कोणा एकाचा नाहीं. त्याची मूर्ति घडविण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं. परंतु मूळ मूर्तीवर ज्यानें डोळे शिणविले, त्याच्या साच्यावर मात्र त्याचा हक्क आहे. कथेचेंहि तसेंच आहे. शिवकाल सर्वांचा, पण त्यावर एखाद्या ग्रंथकारानें लिहिलेली कादंबरी त्या ग्रंथकाराची.

आपला कायदाहि हेंच सांगतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणें आज लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. ‘वीरधवल’कार नाथमाधव १९२८ सालीं निवर्तले, त्यांच्या कादंबऱ्या आतां सर्वांच्या झाल्या आहेत. उलट, फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत २००१ सालीं वारले. फुरसुंगीच्या ह्या पोराचा खेळ छापावयाचा तर २०६१ संपेपर्यंत हक्कदारांची परवानगी हवी. आणि तशी परवानगी घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र मुदत किती, आपण नव्यानें निर्मिलेलीं पात्रें कोणाचीं, आणि मुदतीअखेर उरलेल्या प्रतींचें काय, ह्या तीन गोष्टी कागदावर आल्यावांचून सही करूं नये.

‘मराठींत असा खेळ विकत घेणार कोण ?’ ही शंका रास्त आहे. अनोळखी नांवाचें पुस्तक दुकानांत पडून राहतें, हें खोटें नाहीं. परंतु मोठ्या नांवाचा परवाना घेऊन आगाऊ रकमेखालीं दबून जाणें, हा त्यावर लहान प्रकाशकास परवडणारा उपाय नव्हे. त्यानें लहान पुस्तिका काढावी, ती शाळाशाळांतून खेळवावी, आणि मागणी पाहून पुढची छापावी. नियमांसाठींहि आतां कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालकांनीं जुन्या खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा बेत केला, खेळाडूंनीं व लहान प्रकाशकांनीं इतका विरोध केला कीं, त्याच महिन्याच्या २७ तारखेस मूळ नियमांचा मोठा भाग सर्वांस मोकळा करून देण्यांत आला. मूळ कर्त्याचा उल्लेख करावा, म्हणजे झालें.

आणि विषयांची वाण कोठें आहे ? रोह्याजवळ अवचितगड उभा आहे, पेणकडे सांकशीचा किल्ला आहे. अमावास्येच्या उधाणांत खारेपाटांतील बांधास खांड पडली आहे, रात्र थोडी आहे, माणसें मोजकीं आहेत आणि भातशेती वांचवावयाची आहे. ह्याहून उत्कंठेचा खेळ कोणता? त्यास कोणाचा परवाना नको. पालकांनीं अशा खेळास रिकामटेकडेपणा समजूं नये. त्यांत भाषा लागते, हिशेब लागतो, आणि चारचौघांशीं जमवून घ्यावें लागतें. विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याचा साचा हवाच असेल तर त्याचें मोल देऊन घ्या. पण एकदां तरी माती स्वतः मळून पाहा.