नुसतं ‘छान’ नको, काका!

दोस्तांनो, गेल्या अंकात कबूल केलेलं बुद्धिबळातल्या घोड्याचं कोडं आज नाही. ते पुढच्या आठवड्यात नक्की. रागावू नका. त्याचं असं झालं, की काल धायरीहून एक पाकीट आलं. धायरीहून आलेलं हे दुसरं पाकीट. आणि दुसऱ्याची हकिकत सांगायची तर पहिल्यापासून सुरुवात करायला हवी.

पहिलं पाकीट आलं ते महिन्यापूर्वी. आत एक पेनड्राइव्ह, वहीचं फाडलेलं पान, आणि त्या पानाच्या तळाशी वेगळ्या अक्षरात चार ओळी. पत्र आठवीतल्या एका मुलाचं. तळाच्या चार ओळी त्याच्या आईच्या. ‘माझं नाव छापू नका’ असं त्यानं दोनदा अधोरेखित करून बजावलंय, म्हणून आपण त्याला नुसतं धायरीकर म्हणू या.

या धायरीकरानं संगणकावर एक खेळ तयार केलाय. स्क्रॅच तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून संगणकाला आज्ञा द्यायच्या, ते. मारिओच्या खेळात पाण्याखालचा एक टप्पा आहे ना, त्याच धर्तीवर यानं खडकवासल्याच्या धरणात पोहणारा एक पोरगा केलाय. (खेळात हं! खऱ्या धरणात कुणी उतरायचं नाही.) मागे लागतात ते चिलापी मासे, आणि नाण्यांच्या जागी गोळा करायची भाजलेली कणसं. पाण्याखाली कणसं भाजली कुणी, हे मी त्याला विचारलेलं नाही.

खेळाचं संगीतही त्याचंच. ढोल, ताशा, आणि त्यावर जुन्या व्हिडिओ गेमसारखा किणकिणता सूर. वीस सेकंदांची चाल. त्यानं लिहिलं होतं, ‘मित्रांना ऐकवली. सगळे म्हणाले, भारी, एक नंबर! मामेभावाला ऐकवली. तो म्हणाला, बकवास. खरं कुणाचं? तुम्ही सांगा. पण नुसतं ‘छान’ नको, काका. वाईट असेल तर पुसून टाकतो.’

आणि आईच्या चार ओळी? ‘सहामाही तोंडावर आली आहे. हा रात्री हेडफोन लावून बसतो. माझं ऐकत नाही. तुम्ही सांगितलंत तर सोडेल.’

आली का पंचाईत! मुलाला हवं होतं खरं उत्तर. आईला हवं होतं, त्यानं थांबावं. मी एक कडू शब्द लिहिला असता तर दोन्ही कामं एका फटक्यात झाली असती.

आता एक कबुली देतो. मी चाल एकदा ऐकली आणि पोस्टकार्ड लिहिलं, ‘प्रयत्न छान आहे. असाच पुढे जा.’ कार्ड पेटीत टाकायला निघालो आणि जिन्यात थबकलो. त्यानं जे नको म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच मी लिहिलं होतं. शिवाय खेळाची चाल मी खेळ न खेळता ऐकली होती. म्हणजे चपला पायात न घालता, नुसत्या बघून ‘चावत नाहीत’ म्हणण्यातला प्रकार.

मग सहावीतल्या भाचीला बोलावलं. संगणकासमोर बसवलं, तिच्या हाती खेळ दिला आणि मी मागे गुपचूप बसलो. पहिल्या फेरीला ती ताशावर मान डोलवत होती. दुसऱ्या फेरीला मान थांबली. तिसरी झाली. चौथी सुरू झाली आणि तिनं शांतपणे आवाज बंद केला. खेळ मात्र चालूच!

‘का गं, वाईट आहे का?’

‘नाही मामा, भारी आहे. पण सारखं डोक्यात आपटतं. आणि कणीस मिळालं की आवाज येतो ना, तो ऐकूच येत नाही.’

मित्रांनो, ‘भारी’ आणि ‘बकवास’ या दोन्ही शब्दांत नव्हतं ते सगळं या उत्तरात होतं. असं बघा, गाणं आपण एकदा ऐकतो, फार तर दोनदा. खेळाची चाल मात्र खेळणारा एका टप्प्यावर अडकला की वाजतच राहते. चाल वीस सेकंदांची असेल आणि तुम्ही दहा मिनिटं अडकलात, तर ती तीस वेळा कानावर पडते. म्हणून पहिल्यांदा ऐकल्यावर कशी वाटते, याला फारसा अर्थ नाही. तिसाव्या वेळी ती नकोशी होते का, हे बघायचं.

तुमच्या आईबाबांना विचारा. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघरी आले होते. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. आज तीस वर्षांनंतरही मारिओची चाल त्यांना तोंडपाठ असेल. ती केली कोजी कोंडो या जपानी संगीतकारानं, १९८५ साली. त्याच्या हाताशी काय होतं? त्या यंत्रात एका वेळी फक्त पाच आवाजांची सोय होती. दोन सूर धरायला, एक खर्जाला, एक नुसत्या खरखराटाचा (त्यातूनच ताल काढायचा), आणि पाचवा आधी मुद्रित केलेल्या एखाद्या बारीकशा तुकड्यासाठी. बस्स! त्यातही मारिओनं उडी मारली किंवा नाणं मिळवलं, की तो आवाज संगीतातलाच एक सूर क्षणभर गप्प करून त्याच्या जागी वाजायचा. म्हणजे तिथं संगीत बाजूला सरून खेळाला वाट देत होतं. आमच्या धायरीकराकडे आवाजांना तोटा नाही, म्हणून त्याचा ताशा कणसाला वाट देईना.

आणखी एक. मारिओचा पाण्यातला टप्पा आठवा. जमिनीवरची ती टणाटण उड्या मारणारी चाल तिथं नाही. तिथं चाल तीन-तीन मात्रांत झुलते, थेट आपल्या दादऱ्यासारखी. पाण्यात माणूस धावत नाही, हेलकावतो. कोंडोनं ते सुरांत पकडलंय. वेळ संपत आली की तीच चाल पळायला लागते आणि आपले तळहात घामेजतात. ही युक्ती त्याच्याही आधीची आहे. १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ आला. त्यात संगीत म्हणजे काय, तर खाली खाली येणारे चार खर्जाचे ठोके, पुन्हा पुन्हा तेच. पण शत्रू कमी होत जातील तसतसे ते ठोके जवळ येत जायचे. चार ठोक्यांत भल्याभल्यांची छाती धडधडायची!

आता धायरीकराच्या चालीतली मुख्य अडचण. ती भाचीनं सांगितली नाही, मला पेटी वाजवता वाजवता सापडली. चाल संपते आणि पुन्हा सुरू होते, त्या जागी ठेच लागते. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तशी. तुमच्यापैकी जे तबला शिकतात त्यांना हे लगेच कळेल. तीनतालाच्या सोळा मात्रा संपल्या की आपण थांबत नाही, पुन्हा समेवर येतो. एक आवर्तन संपतं तेच मुळी दुसरं सुरू करण्यासाठी. गवई आधी मुखडा घेतो आणि तो मुखडाच त्याला अलगद समेवर आणून सोडतो. खेळाची चाल म्हणजेही आवर्तनच की! धायरीकराच्या चालीला मुखडा नाही. शेवटी धाडकन ढोल, आणि मग एकदम सुरुवात.

हे सगळं मी त्याला पत्रात लिहिलं. पण अगदी वर, पहिल्या ओळीत, दुसरंच लिहिलं, ‘अकराव्या सेकंदाला ताशा थांबतो आणि एकटा सूर खाली खाली उतरतो. तिथं मला खरंच बुडी मारल्यासारखं वाटलं.’

त्याला बरं वाटावं म्हणून हे नाही लिहिलं, बरं का. आपल्या पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव भरतो. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला. तिथं कधी गेलात तर गाण्याबरोबर ऐकणाऱ्यांकडेही बघा. टाळ्या शेवटी पडतात, पण खरी ‘वाहवा’ मधेच येते, नेमक्या जागेवर. गवयानं एखादी अवघड हरकत घेतली की त्याच क्षणी. गाणाऱ्याला कळतं, हे पोचलं. सगळं गाणं संपल्यावर ‘छान झालं’ म्हटलं तर काय पोचलं आणि काय नाही, हे त्यानं कसं ओळखायचं? मित्रानं काही केलं की तुम्ही ‘एक नंबर’ म्हणून मोकळे होता ना? एकदा जागा दाखवून बघा. आवडलेलीही दाखवा, अडलेलीही.

राहिला मामेभाऊ. मी धायरीकराला विचारून घेतलं, तो बकवास का म्हणाला? तर म्हणे, ‘सुरुवात मारिओची चोरलीस.’ पेटीवर ताडून पाहिलं. पहिले चार सूर अगदी जवळचे आहेत खरे. पण दुसऱ्याची चाल घेऊन आपण काही करणं हा गुन्हा नव्हे. गेमबॉयवरच्या ‘टेट्रिस’ची गाजलेली चाल म्हणजे एक जुनं रशियन लोकगीत आहे. हिरोकाझू तानाका या संगीतकारानं १९८९ साली ते त्या खेळात बसवलं. मात्र लोकगीत सर्वांचं असतं, संगीतकाराची रचना त्याची असते. खुद्द कोंडोलाही हा फटका बसलाय. १९८६ च्या ‘झेल्डा’ खेळासाठी त्यानं राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची ‘बोलेरो’ ही रचना घ्यायची ठरवली होती. ऐनवेळी कळलं, तिच्यावरचे हक्क अजून संपलेले नाहीत. मग घाईघाईनं स्वतःची चाल केली आणि आज लोक तीच गुणगुणतात! धायरीकराला मी सांगितलं, घरात, मित्रांत खुशाल वाजव, पण खेळाच्या पहिल्या पडद्यावर कोंडोचं नाव घाल. नाहीतर ते चार सूर बदल. बदलायला दहा मिनिटं लागतील.

त्याच्या आईलाही उत्तर द्यायला हवं होतं. त्यांना लिहिलं, ‘ताई, सोडून दे असं मी त्याला सांगणार नाही. परीक्षेपर्यंत रात्रीचे हेडफोन बंद, एवढं सांगतो. कारण दमलेल्या कानाला सगळंच गोड लागतं आणि चुका सुटतात. आपल्याच पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी ‘राजी’ नावाचा खेळ केला. हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी लढणाऱ्या मुलीचा. २०२० साली तो जगभर गेला. त्याला संगीत द्यायला लिनोस त्झेलोस नावाचा संगीतकार बसला होता. म्हणजे हे काम कुणीतरी मन लावून करतंच. तुमचा मुलगा पुढे तेच करील असं मी म्हणत नाही. पण एक विचारू? तुम्ही त्याची चाल ऐकली आहे का?’

हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं. आगाऊपणा वाटला. तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

आणि काल दुसरं पाकीट आलं. सहामाही झाली होती. चाल आता बत्तीस सेकंदांची. सुरुवातीचे चार सूर बदललेले. ढोल मागे गेलाय, ताशा फक्त मासा जवळ आला की वाजतो. (ही त्याची स्वतःची कल्पना, माझी नव्हे.) शेवटी मुखड्यासारखं काहीतरी आहे, पण पाय अजून किंचित अडखळतो.

वहीच्या पानाच्या तळाशी पुन्हा ते दुसरं अक्षर, ‘ऐकली. ढोलताशातलं मला फार कळत नाही. पण मधे एकटा सूर खाली जातो तिथं मी भाजी परतायची थांबले.’

भाचीला पुन्हा बसवलं. सातवी फेरी झाली, आठवी झाली, आवाज चालूच. नवव्या फेरीला ती खेळ थांबवून माझ्याकडे वळली.

‘मामा, त्याला सांग, कणीस खाल्ल्याचा आवाज बिस्किटासारखा येतो!’