सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही

पाय मुरगळला की पहिल्या दिवशी घरातले सगळे गोळा होतात. तिसऱ्या दिवशी त्याची थट्टा सुरू होते. आणि दहाव्या दिवशी ग्राउंडवरचा मित्र फोन करून विचारतो, “काय बे, कधी येऊलालास?” सूज उतरलेली असते, चालता येत असतं, चप्पल घालून कॉलेजला जाणंही सुरू झालेलं असतं. मग बूट बांधून पळायला काय हरकत आहे?

हरकत आहे. ती नेमकी काय, हे मात्र आपल्याला कुणी नीट समजावून सांगत नाही.

भवानी पेठेतून पहाटे अंधारात निघणारी पोरं-पोरी तुम्ही बघितली असतील, कदाचित तुम्ही त्यातलेच असाल. कुणी पार्क स्टेडियमकडे निघतं, कुणी विजापूर रोडला नेहरूनगरच्या मैदानाकडे. यात हौसेने पळणारे थोडे आणि भरतीसाठी पळणारे जास्त. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धाव, त्याला २० गुण. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. गोळा हाताने फेकतात खरा, पण जोर येतो रोवलेल्या पायातून. म्हणजे पन्नासच्या पन्नास गुण घोट्यावरच उभे आहेत म्हणा ना! मैदानीत निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेचं दारच उघडत नाही. त्यामुळे मुरगळलेला पाय घेऊन लवकर ग्राउंडवर येणाऱ्या पोराला मूर्ख म्हणणं सोपं असलं तरी बरोबर नाही. त्याच्या डोक्यात जाहिरातीची तारीख असते, वयाची अट असते आणि घरातल्यांनी अकॅडमीची भरलेली फी असते.

पण लिगामेंटला जाहिरातीची तारीख कळत नाही.

बहुतेक वेळा काय होतं, तर पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं, कधी थोडं फाटतं, कधी पूर्ण तुटतं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी, एवढं आपल्याला माहीत असतं. पण त्या दोरीत संवेदना नेणाऱ्या नसांची टोकंही असतात. पाऊल किती वळलंय, जमीन कुठे उतरती आहे, ही खबर ती मेंदूला देतात आणि मेंदू क्षणार्धात पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना पाय सावरायला लावतो. दोरीला इजा झाली की ही खबर उशिरा पोचायला लागते. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, दुखणंही कमी होतं. खबर पोचवणारी यंत्रणा मात्र आपोआप पूर्वीसारखी होईलच असं नाही, तिला पुन्हा शिकवावं लागतं. “माझा पाय असाच आहे, सारखा मुरगळतो,” असं सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असतो. त्याचा पाय जन्मापासून तसा नव्हता. पहिल्यांदा मुरगळला तेव्हा तो अर्धवट बरा झालेला पाय घेऊन कबड्डीला उतरला, एवढंच.

हे फक्त आपल्या गल्लीतलं आहे असं समजू नका. १९ ऑक्टोबर २०२३, गहुंजेचं स्टेडियम, वर्ल्डकपमधला भारत-बांगलादेश सामना. हार्दिक पंड्या त्याची पहिलीच ओव्हर टाकत होता. लिटन दासने सरळ मारलेला चेंडू पायाने अडवायला गेला आणि त्याचा डावा घोटा मुरगळला. तीन चेंडू टाकून तो बाहेर गेला, उरलेले तीन विराट कोहलीने टाकले. ते तीन चेंडू सगळ्यांना आठवतात. पुढचं कमी लोकांना माहीत आहे. ४ नोव्हेंबरला तो वर्ल्डकपमधून बाहेर पडला. नंतर मुलाखतीत त्यानेच सांगितलं की दुखापत मुळात साधारण पंचवीस दिवसांची होती. पण वर्ल्डकप खेळायचाच म्हणून त्याने घोट्यात इंजेक्शनं घेतली, धड चालता येत नसताना पळायचा प्रयत्न केला आणि पंचवीस दिवसांची दुखापत तीन महिन्यांची झाली. आयपीएलमध्ये तो उतरला तो २४ मार्च २०२४ ला. त्याच वर्षी २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्डकप फायनलची शेवटची ओव्हर त्यानेच टाकली. ज्याच्या मागेपुढे डॉक्टर आणि फिजिओ असतात त्याचं घाईने असं झालं, तर यूट्यूब बघून पायाला पट्टी बांधणाऱ्या आपलं काय होणार?

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा पोरगा, आधी लष्करात गेला आणि मग धावपटू झाला. त्याचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस. त्यात एका शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. म्हणजे पस्तीस वेळा पाय उचलायचा आणि पस्तीस वेळा त्यावर अंगाचा भार टाकायचा. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे राष्ट्रकुलचं रौप्य, आशियाईचं सुवर्ण आणि पॅरिस ऑलिंपिकची फायनल. २०१८ ची ती एक स्पर्धा हुकली म्हणून त्याचं करिअर संपलं नाही.

आता आपल्या पायाकडे येऊ. मुरगळल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, हाड मोडलंय का? यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टरांनी १९९२ मध्ये साधे नियम तयार केले, ते आज जगभर वापरतात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर डॉक्टरांसमोरही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा. पाऊल मधोमध किंवा करंगळीच्या बाजूला हाडावर दुखत असेल तरी दाखवून घ्यायचं. सिव्हिलला अस्थिरोग विभाग आहे. रांगेत वेळ जाईल, पण मोडलेल्या हाडावर तीन आठवडे पळण्यापेक्षा तो वेळ स्वस्त पडेल.

चोळून घेऊ नका. हे लिहिताना आज्जीची माफी मागावी लागेल, पण पहिल्या काही दिवसांत जोरात चोळलं तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. आंबेहळदीच्या लेपाबद्दल भांडण नाही, भांडण आहे ते अंगठ्याने दाबून ‘शीर बसवणाऱ्या’ माणसाबद्दल. बर्फाचंही ऐका. आराम, बर्फ, दाब, पाय उंच हा मंत्र १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केला आणि पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ ठीक आहे. महिनाभर पाय उशीवर ठेवून रील्स बघणं हा उपचार नाही. हाड शाबूत असेल तर दुखणं झेपेल तेवढं हळूहळू चालायचं, पाऊल वर-खाली करायचं, टॉवेल तळव्याला अडकवून आपल्याकडे ओढायचा. टॉवेलला आपल्या गावात तोटा नाही.

आणि मग येते सायकल. इथे आपण सगळ्यात मोठी चूक करतो, कारण सायकल आपल्याला कमीपणाची वाटते. ग्राउंडवर सगळे पळत असताना आपण सायकलवरून चक्कर मारायची म्हणजे काय! पण हिशोब बघा. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर पायातून जातो. साठ किलोच्या पोराच्या घोट्यावर प्रत्येक पावलाला सव्वाशे-दीडशे किलोचा दणका, आणि १६०० मीटरमध्ये अशी हजाराहून जास्त पावलं. सायकलच्या सीटवर बसलात की बहुतेक वजन सीट झेलते, दणका नसतो, पाऊल आतबाहेर वळत नाही. हृदय आणि फुप्फुसं मात्र तेवढीच कामाला लागतात. म्हणजे दम टिकतो आणि घोट्याला वेळ मिळतो. भरतीवाल्यांना सगळ्यात जास्त भीती दम जाण्याची असते, त्याचं उत्तर घरातच भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं.

फक्त सायकल नीट चालवा. सीट फार उंच नको, नाहीतर पेडल खाली गेलं की बोटं ताणून टाच उचलावी लागते आणि घोटा ओढला जातो. सुरुवातीला पेडल चवड्याऐवजी पावलाच्या मधल्या भागाखाली ठेवा, जोर कमी पडतो. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर. पेडलवर उभं राहून चढ चढायचा नाही. आणि खरा धोका चालवताना नसतो, थांबताना असतो. सिग्नलला, रिक्षा आडवी आल्यावर किंवा गल्लीत चेंबरचं झाकण चुकवताना आपण सवयीने जो पाय टेकवतो तो दुखरा असेल तर? म्हणून पहिले आठ दिवस भवानी पेठेच्या गल्ल्यांत सकाळी गर्दीच्या आधी चालवा, किंवा सायकल हातात धरून मोकळ्या रस्त्यापर्यंत जा आणि उतरायची सवय चांगल्या पायावर करा. पाणी येण्याचा दिवस असेल तर आणखी सांभाळून. त्या दिवशी ओल्या फरशीवर भरलेल्या घागरी घेऊन जिने चढण्यात घोट्याला जो धोका आहे तो दहा किलोमीटर सायकलमध्ये नाही. घरच्यांना हे सांगा, ऐकतील असं नाही.

पळायला परत कधी? आठवडे मोजून हे ठरत नाही. थोडं मुरगळलं असेल तर दोन-तीन आठवडे, जास्त असेल तर दोन-तीन महिनेही लागतात. पायालाच विचारायचं. अर्धा तास भरभर चालून दुखत नाही ना? दुखऱ्या एका पायावर, भिंतीला बोट लावून, चांगल्या पायाइतक्याच वेळा टाच उचलता येते का? त्याच पायावर डोळे मिटून अर्धा मिनिट उभं राहता येतं का? (भिंतीजवळच करा, पहिल्यांदा सगळेच झुलतात.) शेवटी त्याच पायावर लंगडी घालता येते का? लहानपणी शाळेत खेळलेली लंगडी इथे कामाला येते. यातलं एकही जमत नसेल तर सायकल आणि व्यायाम चालू ठेवायचे. दात घासताना एका पायावर उभं राहिलात तरी सराव होतो.

हे सगळं जमलं की सपाट मैदानावर एक मिनिट हळू पळायचं, दोन-तीन मिनिटं चालायचं, असं पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी पळायचं नाही, सायकल. पळताना थोडं जाणवलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजला असेल किंवा पहिली पावलं लंगडत पडली, तर आदल्या दिवशी जास्त झालं एवढाच अर्थ घ्या आणि एक पायरी खाली या. आधी अंतर वाढवा, मग वेग, आणि वळणं, उड्या, १०० मीटरची स्टार्ट सगळ्यात शेवटी. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यावर सतत एकाच बाजूने पळू नका. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाण्याचा बेत असेल तर तेही याच हिशोबात धरा. पंचेचाळीसेक किलोमीटर, तेही अनवाणी, हे बऱ्या घोट्यालाही जड जातं. देवी पुढच्या वर्षीही तिथेच आहे.

आता जे तुमच्या हातात नाही त्याबद्दल. ग्राउंडवर पट्टी बांधलेल्या पोराला “नाटकं करू नको” म्हणून दोन राउंड जास्त लावणारे सर तुम्हाला भेटले असतील. ही शिस्त नव्हे, अज्ञान आहे. मुलींचं आणखी वेगळं. कित्येकींना पहाटे बाहेर पडायची परवानगीच मोठ्या मुश्किलीने मिळालेली असते. पाय सुजलेला दिसला तर “बस झालं ग्राउंड” असं ऐकावं लागेल, म्हणून त्या सूज सलवारीखाली लपवतात आणि पळत राहतात. अशा मैत्रिणीला सल्ले देण्यापेक्षा आठवडाभर तिच्यासोबत सायकल चालवा. ती घरातून निघत राहील, ग्राउंड सुटणार नाही आणि पायही वाचेल.

कॉलेजांनीही थोडं करावं. दुखापतीतून परतणाऱ्या मुलामुलींसाठी जिमखान्यात सकाळचा अर्धा तास, एक स्थिर सायकल आणि आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट, याला फार मोठं बजेट लागत नाही. मात्र मागणी आपणच करायला हवी, क्रीडा विभागाकडे, लेखी आणि चार-पाच जणांच्या सह्यांनी. प्रवेशाची पावती काढून बघा, त्यात जिमखाना फी असा एक रकाना असतो.