बाजारातली उधारी, घरातल्या बांगड्या

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली आणला. आता मागांची खडखड गल्लीबोळांत पोहोचली आहे. पण विणलेल्या कापडाची मजुरी हातात कधी पडणार, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आमचे आठ माग आहेत. आम्ही खर्चीवाले. म्हणजे सुताची बीमे व्यापाऱ्याची. माग, वीज आणि कामगार आमचे. कापडातल्या आडव्या धाग्याला पीक म्हणतात. पिकामागे इतके पैसे, असा मजुरीचा दर ठरतो आणि तोही बहुधा तोंडीच. कामगाराला दर आठवड्याला पगार द्यावा लागतो, विजेचे बिल महिन्याला येते. व्यापारी मात्र दोन महिन्यांनी देतो, तीन महिन्यांनी देतो, कधी निम्मेच देतो. वाचकांपैकी कुणाची बेकरी असेल, कुणाचे चपलांचे काम असेल, कुणाचे फर्निचरचे. नावे बदला, हिशोब हाच निघेल.

कायदा नाही असे नाही. लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लागावा असेही त्यात लिहिले आहे. २०१७ पासून तक्रार ऑनलाइन करता येते.

आमचे एका व्यापाऱ्याकडे चार महिन्यांचे पैसे अडकले, तेव्हा धाकट्या भावाने हा सगळा अर्ज भरला. उद्यम नोंदणी आधीच केलेली होती. तिला पैसे लागत नाहीत. ते तिप्पट व्याज आम्हाला घ्यायचे नव्हतेच, घामाचे पैसे हवे होते. पण अर्ज पाठवला नाही. तक्रार गेली की त्याची बीमे बंद, आणि बाजारात बोलबाला झाला की दुसराही देताना विचार करणार. निकाल लागेपर्यंत आठ माग कशावर चालवायचे?

मग थोरल्या भाभींनी बांगड्या काढून दिल्या. गहाण ठेवल्या तर व्याज आले, म्हणून विकल्या. त्यातून कामगारांचे पगार झाले, विजेची थकबाकी भरली. पुढे व्यापाऱ्याचे पैसे आले तेही पुढच्या बिलांत विरून गेले. यात बांगड्यांची नोंद कुठेच नव्हती. व्यापाऱ्याच्या पेढीवर नव्हती, आमच्या वहीतही नव्हती.

खरे तर कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दलच आहे. आम्ही ती पढत आलो, आणि दुकानदारी मात्र शब्दावर चालवली. व्यापाऱ्याला लिहून मागायची भीती वाटते हे समजू शकते. घरातल्या बाईचे कर्ज लिहायला कुणाची भीती होती?

आता दोन गोष्टी केल्या आहेत. कापडाचा तागा देताना चलनावर तारीख, मीटर आणि दर लिहून दिवाणजीची सही घेतो. आधी तो म्हणाला, “भरवसा नाही काय?” एका व्यापाऱ्याचे काम त्यावरून सुटलेही. पण २०२३-२४ पासून आयकराचा नियम आला आहे. लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे आता त्यांचाच हिशोबनीस आमच्याकडे तारखा मागतो. नोंदणी नसलेल्याकडे काम नेण्याची भाषाही बाजारात ऐकली, तेही सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वहीत ‘घरचे देणे’ असे एक पान घातले आहे. पहिले नाव भाभींचे. गेल्या भिशीच्या पैशातून थोडे फेडले, पण बरेच बाकी आहे. थोरले बंधू म्हणतात, बांगड्या विकून जी रक्कम आली तेवढी द्यायची. भाभी म्हणतात, “मी सोनं दिलं होतं, सोनंच घेईन.” मौलानांना विचारायचे ठरले आहे. तोवर त्या पानावर रक्कम आणि वजन, दोन्ही लिहून ठेवले आहे.