शंभर टक्क्यांनंतरची बारावी

ऑक्टोबर 2021 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या हिंदू कॉलेजची पहिली यादी लागली, तेव्हा राज्यशास्त्राच्या बी.ए. ऑनर्सचा कट-ऑफ होता 100 टक्के. एवढ्या उंच उंबरठ्यावरूनही मुले आत आली, जागांपेक्षा कितीतरी जास्त आली आणि त्यांत केरळ बोर्डाची मुले ठळकपणे दिसली. विद्यापीठातल्याच एका प्राध्यापकाने त्यात चक्क कारस्थान पाहिले. कारण मात्र साधे होते. देशभरातल्या बोर्डांचे गुण विद्यापीठ जसेच्या तसे एका रांगेत लावत होते. त्या वर्षी सीबीएसईने करोनामुळे परीक्षा न घेताच निकाल लावला आणि सुमारे 70 हजार मुलांना 95 टक्क्यांहून जास्त गुण मिळाले. अशा गर्दीत कट-ऑफ शंभराला टेकला तर नवल कसले?

लगेच पुढच्या वर्षी सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा आली आणि केंद्रीय विद्यापीठांनी पदवी प्रवेशासाठी गुणपत्रिका बाजूला सारली. दिल्ली विद्यापीठात बारावीचे गुण आता मुख्यतः दोन उमेदवारांचे सीयूईटी गुण सारखे झाले, तरच बघितले जातात.

रोग गुणांच्या तुलनेत होता. औषध मात्र गुणांनाच दिले गेले.

तुलना करण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती असेही नाही. 2013 ते 2016 या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला 40 टक्के वजन होते. ते देताना मुलाला किती गुण पडले यापेक्षा तो आपल्या बोर्डात कितवा आला हे पाहिले जाई आणि त्या बोर्डाची मुले जेईईत कशी उतरली, याचाही हिशेब धरला जाई. त्यामुळे सढळ हाताने गुण वाटणाऱ्या बोर्डाला फायदा नव्हता आणि कडक तपासणीच्या बोर्डाला शिक्षा नव्हती. सूत्र किचकट होते, बोर्डांच्या आकडेवारीसाठी थांबावे लागे, पालक वैतागत. 2017 पासून ते रद्द झाले.

महाराष्ट्रानेही अकरावीसाठी असाच खटाटोप केला होता. 2008 चे पर्सेंटाइल सूत्र आणि 2009 चा एसएससीसाठीचा 90:10 कोटा, दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. 90:10 हा तर उघड कोटाच होता, तो पडायलाच हवा होता. पर्सेंटाइलची कल्पना मात्र दुरुस्त करून वापरण्याजोगी होती. तिच्यामागे पुन्हा कोणी लागले नाही.

आता राज्यात अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षांवर लागते. एमएचटी-सीईटीने जाणाऱ्या खुल्या वर्गातल्या मुलाला बारावीच्या ठरावीक विषयांत 45 टक्के पडले की झाले. परिणाम लातूरपासून पुण्यापर्यंत कोणालाही दिसेल: नाव कनिष्ठ महाविद्यालयात, मूल दिवसभर क्लासमध्ये. त्याला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नावही आहे. प्रयोगवहीला तिथे कोण विचारतो? क्लासची फी न परवडणाऱ्या, गावातल्या कॉलेजात दोन वर्षे इमानाने अभ्यास करून पहिल्या आलेल्या मुलीकडे दाखवायला तिची गुणपत्रिकाच असते आणि यादी लावताना नेमकी तीच मोजली जात नाही.

अमेरिकेतल्या टेक्सासने 1997 मध्ये कायदाच केला: राज्यातल्या हायस्कूलच्या वर्गात पहिल्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. शाळा ह्यूस्टनच्या श्रीमंत वस्तीतली असो की मेक्सिकोच्या सीमेवरची, मूल ताडून पाहिले जाते ते आपल्याच वर्गमित्रांशी. ऑस्टिनच्या विद्यापीठात यातून इतकी मुले येऊ लागली की तिथली मर्यादा पुढे दहा टक्क्यांखाली आणावी लागली, पण तत्त्व सोडले गेले नाही.

दिल्लीने आणि मुंबईने निदान एवढे करावे: प्रवेश परीक्षा ठेवावी, पण क्रमवारीत बोर्डातल्या स्थानाला चौथा हिस्सा तरी द्यावा. उमेदवार कोणत्या बोर्डाचा, हे अर्जात असतेच. उरतो प्रश्न बोर्डांनी आकडेवारी वेळेत देण्याचा, आणि तो शिक्षण खात्याने एका परिपत्रकात सोडवण्याइतका लहान आहे.